जीववैद्यकीय माहितीशास्त्र आणि आमची मुले

(मंडळाच्या वार्षिक गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा येथे सत्कार झाला त्यांत बारावी विज्ञान शाखेची मुले अधिक आहेत. त्यातही जीवशास्त्र घेतलेल्या मुलींची संख्या डोळ्यांत भरते. 'पुढे काय?' या सूत्रसंचालकांच्या प्रश्नाला जवळजवळ सर्वांचे उत्तर एकच आले, 'नीट देऊन डॉक्टर.' उत्तर उत्तम आहे. ज्यांना प्रवेश मिळेल त्यांनी जरूर डॉक्टर व्हावे. समाजाला त्यांची गरज आहे. परंतु हिशेब मांडून पाहा. 2025 साली ही परीक्षा 22 लाखांहून अधिक मुलांनी दिली आणि देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. उरलेल्यांचे काय? आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत की जेथे मुलगी एक वर्ष थांबते, दुसरे वर्ष थांबते, तिसऱ्या वर्षी शिकवणीची फी भरायला आईचे मंगळसूत्र सोनाराकडे जाते, आणि शेवटी ती बी.एस्सी.ला नाव घालते ते आपण हरलो अशा समजुतीने. या मुलांना आज एका वेगळ्या वाटेची ओळख करून द्यावी म्हणून आम्ही उभे आहोत. वाटेचे नाव जरा बोजड आहे: जीववैद्यकीय माहितीशास्त्र. इंग्रजीत त्याला बायोमेडिकल इन्फॉर्मेटिक्स म्हणतात.

आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर अनेक वर्षे बसल्यामुळे कोणता विद्यार्थी कोणत्या अभ्यासक्रमाला जातो आणि पाच वर्षांनी हप्ते भरू शकतो की नाही, हे आम्हांस दिसते. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

माणसाच्या आरोग्याविषयीची माहिती गोळा करणे, ती ठरावीक रीतीने नोंदवणे, संगणकाच्या साहाय्याने पडताळणे आणि तीतून रोग्याच्या उपयोगाचे काही काढणे, हे या शास्त्राचे काम. त्याच्या ढोबळमानाने दोन शाखा. एक शरीरातील पेशींच्या आत पाहते. तिला बायोइन्फॉर्मेटिक्स म्हणतात. मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन विदुषींनी 1965 साली तोपर्यंत रचना उलगडलेल्या प्रथिनांचा एक संग्रह ग्रंथरूपाने काढला. त्यात जेमतेम 65 प्रथिने होती. पुढे 1990 ते 2003 या काळात मानवी जनुकांचा नकाशा तयार झाला तेव्हा एका माणसाची अक्षरे भरली सुमारे 300 कोटी. हे वाचणे माणसाच्या डोळ्यांचे काम राहिले नाही. आपल्या देशातील 10,000 लोकांच्या जनुकीय नोंदी जानेवारी 2025 मध्ये फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांसाठी खुल्या झाल्या. दुसरी शाखा दवाखान्यातील केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, जन्ममृत्यूच्या आणि साथींच्या नोंदी पाहते.

या दुसऱ्या शाखेचे महत्त्व पटवण्यास अमेरिकेचे उदाहरण नको, बार्शीचे पुरे. भारतातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी 1963 साली मुंबईत सुरू झाली. शहरात रुग्णालये असतात, त्यांच्याकडून नोंदी मिळतात. खेड्यातला रोगी मात्र पुष्कळदा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा 1987 साली बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील सुमारे साडेतीनशे गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते रुग्णालयात बसून राहिले नाहीत. ते गावोगाव फिरले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली, संशयित रोग्यांना तपासणीला आणले आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. काही वर्षांनी नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा दिसले की गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या आहेत. लवकर येणे म्हणजे जगण्याची आशा वाढणे. वही नीट ठेवली नसती तर गावोगाव फिरण्याचा उपयोग झाला की नाही, हे कोणालाच सांगता आले नसते.

आता आपल्या अधिक जिव्हाळ्याची गोष्ट. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भारतात प्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. आपल्या विदर्भात तो आदिवासी समाजांबरोबरच आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते, त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला असह्य वेदना होतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः धडधाकट असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. आपण लग्न जमवताना पत्रिका पाहत नाही हे चांगलेच आहे. परंतु सिकलसेलचा अहवाल जरूर पाहावा, असे आम्ही येथे बसलेल्या आईवडिलांना जाता जाता सांगतो.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. वयाच्या चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. सात कोटी नावे! बँकेत खातेवह्यांतून नावे संगणकावर चढवली गेली तेव्हाचा अनुभव सांगतो. एकाच गृहस्थाचे नाव एका खात्यात पूर्ण, दुसऱ्यात आद्याक्षरांनी, तिसऱ्यात आडनावाच्या वेगळ्या स्पेलिंगने. संगणकाच्या लेखी तो एक माणूस तीन झाला. पैशांच्या बाबतीत असा घोळ निस्तरता येतो. पण शाळेत एका नावाने तपासलेली मुलगी लग्नानंतर दुसऱ्या नावाने बाळंतपणाला येते, आणि तिचा जुना अहवाल नव्या केसपेपराला जोडलेला नसतो, तेव्हा त्याची किंमत जन्मणारे मूल मोजते. या नोंदी जोडायच्या कशा, एका रोगाला सर्व दवाखान्यांत एकच सांकेतिक क्रमांक द्यायचा कसा, याची शास्त्रशुद्ध विद्या म्हणजेच हे माहितीशास्त्र. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वैद्यकीय नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आहे. सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला 14 अंकी आरोग्य खाते क्रमांक मिळतो.

यात आणखी एक बाजू आहे, आणि आमच्या मते तीच सर्वांत गंभीर. अमुक समाजात अमुक आजार अधिक, असे नोंदवहीत लिहिले जाते तेव्हा त्याचा उपयोग उपचारासाठीही होतो आणि बोट दाखवण्यासाठीही होतो. 'वाहक' असा शिक्का बसलेल्या मुलीचे स्थळ मोडते, मुलाचे सहसा मोडत नाही. नोंदीत जात लिहायची का, अहवाल कोणी पाहायचा, किती काळ जपायचा, हे ठरवणाऱ्या मंडळींत आपली वस्ती आतून माहीत असलेली माणसे किती असतात? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला, पण कायद्याचा अर्थ कामकाजात उतरवणारा माणूस टेबलाशी बसलेला असावा लागतो. तो आपल्यातला का असू नये?

अभ्यासाकडे वळू. अकरावीच्या मुलांना पहिली सूचना: जीवशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका. डॉक्टर व्हायचे तर गणित कशाला, असे म्हणून ते सोडले जाते, आणि पुढे एम.एस्सी.ला संख्याशास्त्र समोर आले की मुले घाबरतात. बी.एस्सी. कोणत्याही जीवशास्त्रीय विषयात, रसायनात, संख्याशास्त्रात किंवा संगणकात केले तरी या क्षेत्राचे दार कोठे ना कोठे उघडते. फार्मसी, नर्सिंग किंवा दंतवैद्यकाच्या पदवीधरांसाठी आरोग्य-नोंदींची शाखा विशेष सोयीची. पुणे विद्यापीठात 1987 पासून बायोइन्फॉर्मेटिक्सचे केंद्र आहे, तेथील एम.एस्सी.ला प्रवेश परीक्षेतून जावे लागते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि दिल्ली व हैदराबादच्या ट्रिपल आय.टी.मध्येही हे शिक्षण मिळते.

पदवीच्या तीन वर्षांत पायथन आणि आर या दोन संगणकीय भाषा शिकून घ्याव्यात. दोन्ही फुकट आहेत. स्वयम् आणि एन.पी.टी.ई.एल.वर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. जगभरातील वैद्यकीय संशोधनाची पबमेड ही सूची 1997 पासून सर्वांना खुली आहे. ज्या जनुकीय नोंदींवर बोस्टनचा संशोधक काम करतो, त्याच नोंदी आपल्या विहाराच्या अभ्यासिकेतील संगणकावर उघडतात. प्रयोगशाळा उभारायला कोट्यवधी लागतात. येथे टेबल, वीज आणि चिकाटी लागते. ज्यांच्या घरी प्रयोगशाळेचे पैसे नाहीत त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

नोकरीविषयी मात्र खरे बोलले पाहिजे. पदवी हातात आली की नोकरी दारात उभी, असे हे क्षेत्र नाही. नुसत्या एम.एस्सी.वर पहिली कामे बहुधा संशोधन संस्थांच्या प्रकल्पांवर मिळतात. प्रकल्प संपला की काम संपते. मुंबईत परळला प्रजनन व बाल आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिच्यात जीववैद्यकीय माहितीशास्त्राचे केंद्र आहे. पुण्यात पेशीविज्ञानाची आणि रसायनाची राष्ट्रीय संस्था आहे, आयसर आहे. रक्तविकारांच्या राष्ट्रीय संस्थेचे केंद्र चंद्रपूरला आहे. अशा ठिकाणच्या जाहिराती पाहत राहावे. खासगी क्षेत्रात औषध कंपन्या, औषधांच्या चाचण्यांची माहिती सांभाळणाऱ्या कंपन्या आणि संगणक कंपन्यांचे आरोग्य विभाग आहेत. तेथे पदवीच्या कागदापेक्षा काम करून दाखवलेले पाहतात. साधे प्रोग्रॅम आता यंत्रबुद्धीही लिहून देते, म्हणून जीवशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्के असलेल्यालाच पुढे वाव आहे.

शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी.ला पर्याय नाही. सी.एस.आय.आर. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये मिळतात; अनुसूचित जातींना एम.एस्सी.ला 50 टक्के गुण चालतात आणि वयात पाच वर्षांची सवलत आहे. शिवाय बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. जे घर मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहत असते, त्याला ही रक्कम म्हणजे पगारच.

एक सावधगिरीची गोष्ट. मध्यंतरी आमच्या टेबलावर एका खासगी संस्थेचे माहितीपत्रक घेऊन एक बाप आला. सहा महिन्यांचा डिप्लोमा, फी दीड लाख, शंभर टक्के नोकरीची हमी. संस्थेला कोणत्याही विद्यापीठाची मान्यता नव्हती, म्हणून कर्ज बसत नव्हते. बाप आमच्यावर रागावला. आम्ही त्याला एवढेच सांगितले की हमी नोकरीची आहे, तर ती स्टॅम्प पेपरवर मागा. तो पुन्हा आला नाही. मेडिकल कोडिंगचे अल्पमुदतीचे वर्गही याच नावाखाली विकले जातात. मेडिकल कोडिंग म्हणजे रोगांना आणि उपचारांना ठरावीक क्रमांक देणे. ते प्रामाणिक काम आहे, पोट भरते. पण त्याला बायोइन्फॉर्मेटिक्स म्हणणे म्हणजे कंपाउंडरला सर्जन म्हणणे.

मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी मात्र कर्जाला भिऊ नये. केंद्राच्या पतहमी योजनेत बसणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण किंवा तिऱ्हाईत जामीन लागत नाही. शिक्षण चालू असताना आणि पुढे साधारण वर्षभर हप्ता नसतो. व्याज मात्र चालू असते. जमेल तसे महिन्याचे व्याज भरत गेलात तर पुढचा हप्ता हलका होतो. घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर आधी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घ्या, वर असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. कर्जाचा विचार त्यानंतर.

परदेशाचे सांगून आटोपते घेतो. बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1915 मध्ये तेथून एम.ए. झाले. त्याच विद्यापीठात आज जीववैद्यकीय माहितीशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात एम.ए. व पीएच.डी. दोन्ही आहेत. अमेरिकेत एम.ए. बहुधा स्वतःच्या खर्चाने करावे लागते आणि तो खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी बहुतेक विभाग भरतात आणि वर निर्वाहभत्ता देतात. तेथील सरकारच्या प्रशिक्षण अनुदानातून मात्र परदेशी विद्यार्थ्याला पैसे मिळत नाहीत, म्हणून अर्ज करण्यापूर्वी 'परदेशी विद्यार्थ्याचा खर्च कोणत्या निधीतून होतो?' हे विभागाला पत्राने विचारावे. आपल्याकडे राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी 75 जणांना मिळते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या 125 जागा आहेत आणि त्यांतील बहुतांश अनुसूचित जातींसाठी आहेत. अटी वर्षागणिक बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या कात्रणावर विसंबू नये.

केंद्राच्या कोणत्याही सवलतीसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. 1990 च्या दुरुस्तीपासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही तो मिळतो. परंतु राज्याच्या नमुन्यातील दाखला जोडल्यामुळे अर्ज परत आल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात. दोन्ही दाखले आणि जात वैधता प्रमाणपत्र बारावीतच काढून ठेवा. वैधतेला महिने लागतात. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही व मंडळाचे चिटणीस हे कागद तपासायला बसणार आहोत. मूळ कागद आणावेत, झेरॉक्स येथे काढता येईल. जयभीम.