शाळेची पारख

जरा पुढे सरकून बसा. मागे पोरांचा गलका आहे, आवाज पोचायचा नाही.

आज आम्ही एक साधी गोष्ट विचारायला उभे आहोत. बैल घ्यायचा झाला तर तुम्ही काय करता? बाजारात गेलात की आधी त्याचे दात बघता. खांदा बघता. चार पावलं चालवून बघता. जाणता माणूस तर औताला जुंपून बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही. शिंगाला रंग आहे, अंगावर झूल आहे, एवढ्यावर कुणी भुलत नाही. बायका मडकं घेतात, तेव्हा बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतात. मगच पदराची गाठ सुटते.

आणि ज्या शाळेत आपलं पोरगं वर्षामागून वर्ष जातं, ती चांगली की वाईट हे आपण कशावरून ठरवतो? आम्ही गावोगाव हे विचारलं. कुणी म्हणालं, "इमारत झकास आहे." कुणी म्हणालं, "सगळी पोरं पास होतात." एक गडी म्हणाला, "आपल्याला काय कळतंय त्यातलं? अडाणी माणसं आपण."

हे शेवटचं उत्तर आमच्या मनाला लागलं. कारण आता ते खरं राहिलेलं नाही. आमच्या वर्गाला येणाऱ्या एका आजींची हकिगत सांगतो, म्हणजे पटेल.

या आजी साठीच्या पुढच्या. आयुष्यभर अंगठा उठवला. मागच्या पावसाळ्यात वर्गाला यायला लागल्या. संक्रांतीपर्यंत अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागल्या. एक दिवस त्यांच्या घरी सोसायटीची नोटीस आली. मुलगा शेतात होता. नातू सातवीत. त्याच्या प्रगतिपत्रकावर सगळीकडे 'अ' श्रेणी. आजी म्हणाल्या, "बाळा, वाच रे एवढं." नातवाने कागद हातात घेतला. वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाला, "काही नाही आजी, पैसे भरा म्हणतात." आणि गेला खेळायला.

आजींना काही चैन पडेना. त्या चष्मा लावून बसल्या. ओळीवर बोट ठेवून अर्धा तास वाचत होत्या. खालच्या ओळीत लिहिलं होतं की पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडलं तर व्याजाची सवलत मिळेल, नाही तर मिळणार नाही. तारीख नातवाने सांगितलीच नव्हती. लपवली नव्हती, त्याला ती ओळ वाचताच आली नव्हती.

पैसे वेळेत भरले गेले. पण आजी आमच्याकडे आल्या त्या डोळ्याला पदर लावून. म्हणाल्या, "म्या सहा महिन्यांत शिकले. हे पोरगं सात वर्सं शाळेत जातंय. मग ह्येचं काय झालं?"

मंडळी, हा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी आजी आणि आम्ही शाळेत गेलो. भांडायला नव्हे, विचारायला गेलो. गुरुजींनी खुर्ची दिली, पाणी दिलं. आजींनी सगळं सांगितलं. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आजी, खोटं बोलत नाही. सहावी, सातवी, आठवी मिळून एकाहत्तर मुलं आहेत. आम्ही दोघंच. एक जण माहिती भरायला नाही तर बैठकीला गेला की तिन्ही वर्ग एकाकडे. कोण वाचतंय, कोण नुसतं ओठ हलवतंय, हे बघायला सवडच होत नाही."

तिथे आम्हाला कळलं की शाळेची पारख करताना नुसत्या मास्तरांना नावं ठेवून भागत नाही. आधी डोकी मोजावी लागतात. सर्वांना शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षणाचा हक्क त्याने दिला. त्यात सहावी ते आठवीसाठी स्पष्ट लिहिलं आहे : दर वर्गाला निदान एक शिक्षक हवा, आणि पस्तीस मुलांमागे निदान एक. गणित-विज्ञानाला एक, भाषेला एक, समाजशास्त्राला एक, असे तीन तर हवेतच. मुलं शंभराच्या वर गेली तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा. वर्षात २२० दिवस शाळा भरली पाहिजे. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडली तर शिक्षकाला शिकवण्याबाहेरच्या कामाला लावू नये, असंही त्यात आहे.

म्हणजे त्या शाळेत तिघं हवे होते. दोघं होते. ही खूण बाहेरून दिसत नाही. भिंतीवर तर सुंदर मोर काढलेला होता.

आता पोरं पारखायची कशी ते सांगतो. 'प्रथम' नावाची एक संस्था आहे. २००५ सालापासून तिची माणसं देशभर खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला देतात. त्यांची रीत इतकी साधी आहे की तुम्हीही करू शकाल. दुसरीच्या पुस्तकाच्या तोडीची एक छोटी गोष्ट द्यायची आणि वाच म्हणायचं. मग एक भागाकार द्यायचा : तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागायचं. बस. सातवीतल्या मुलाला हे दोन्ही सहज आलं पाहिजे. येत नसेल, तर पुढचं विज्ञान, इतिहास, बीजगणित त्याच्या डोक्यावरून जातं. तो वर्गात नुसता बसतो.

पण इथे एक सांभाळा. पोराला चारचौघांत उभं करून वाचायला लावू नका. घाबरलं की येत असलेलंही विसरतं. घरी, जेवणं झाल्यावर, प्रेमाने विचारा. चुकलं तर हात उगारू नका. मारणं शाळेतही कायद्याने बंद आहे, मग घरी कशाला? आणि एका हुशार पोरावरून शाळा ठरवू नका. प्रत्येक शाळेत एक पोपट असतो. पाहुणे आले की त्यालाच पुढे करतात, तोच भाषण करतो, तोच बक्षीस घेतो. तुम्ही शेवटच्या रांगेतल्या पोराला विचारा.

आजींच्या गावात असंच केलं. गल्लीगल्लीतून विचारलं. सातवीतल्या चोवीस मुलांपैकी नऊ जणांना दुसरीची गोष्ट वाचता येईना. ती नऊ घरं त्या रात्री नीट जेवली नाहीत.

पास होण्याचं काय, असं कुणी विचारील. तर ऐका. २००९ च्या कायद्यात होतं की आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. नापास झालेली पोरं, आणि पोरी तर जास्तच, शाळा सोडून घरी बसत. पण काही ठिकाणी त्याचा अर्थ झाला, शिकवलं काय आणि न शिकवलं काय, पोरगं वर जाणारच. २०१९ साली कायदा बदलला. पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची मोकळीक राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली तसं ठरवलं. तेव्हा नुसत्या 'पास' या शब्दावर जाऊ नका. पूर्वी सातवीची फायनल झालेला माणूस गावात मास्तर व्हायचा. सगळं गाव त्याच्याकडून पत्रं वाचून घ्यायचं. ती सातवी आणि ही सातवी ताडून बघायला तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवायला नको.

आता दप्तर उघडा. वही काढा. तुम्हाला तारीख वाचता येते ना? मग सोपं आहे. एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत किती दिवस कोरे गेले ते बघा. उत्तरं शेजारच्या पोराच्या वहीशी ताडून बघा. सगळ्यांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी असली, तर ती फळ्यावरून नाही तर गाईडातून उतरवलेली. पोराने स्वतः काही लिहिलं असेल तर त्यात चुका असतील. चुका बघून घाबरू नका. चुकीखाली लाल शाई आहे का, आणि खाली पोराने ते पुन्हा नीट लिहिलं आहे का, ते बघा. आम्हाला विचाराल तर चुकांची आणि लाल शाईची वही ही कोऱ्या सुंदर वहीपेक्षा शंभरपट बरी.

हजेरीही विचारा. दिवाळीनंतर आपल्याकडची किती घरं कोयता घेऊन कारखान्याला जातात, हे तुम्हाला ठाऊक आहे. बरोबर पोरं जातात. धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण जाते. चांगली शाळा दसऱ्यालाच विचारते : कोण जाणार, पोरं आजीकडे ठेवता येतील का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का? वाईट शाळा नुसती हजेरीपटावर रेघ ओढते.

मुलींचं तर वेगळं मोजा. सहावीत किती होत्या, आठवीत किती उरल्या? आणि शाळेच्या संडासाचं दार उघडून बघा. मुलींचा वेगळा आहे का, आत पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का? एका शाळेत आम्ही बघितलं, संडास होता, छान फरशी होती, पण बाहेरून कुलूप. तपासणी आली की किल्ली निघायची. त्या शाळेतल्या सातवीच्या मुली महिन्यातले चार दिवस घरी राहायच्या. का, ते पुरुषांनी घरी जाऊन विचारावं. बायकांना आम्ही काय सांगायचं!

जेवणाचं थोडक्यात. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे रोज दीडशे ग्रॅम धान्य, तीस ग्रॅम डाळ आणि पंचाहत्तर ग्रॅम भाजी धरलेली आहे. आमटीत डाळ आहे की पिवळं पाणी, हे घास घेतल्याशिवाय कळत नाही. स्वयंपाकीण आपल्याच गावची बाई असते. तिच्यावर ओरडू नका. माल किती आला ते विचारा.

आणखी एक खूण. आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिला एन. एम. एम. एस. म्हणतात. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. ती फक्त सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच मिळते. तुमच्या शाळेने गेल्या वर्षी किती मुलं बसवली, विचारा. "ती काय असते?" असं उत्तर आलं तर समजून जा.

हे आम्ही मुद्दाम बोलतो आहोत. कारण आजींच्या गावात त्या नऊ पोरांची बातमी फुटल्यावर लगेच चर्चा सुरू झाली की पोरं काढा आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घाला. गाडी दारात येते, गळ्यात टाय असतो. तीन घरांनी पोरं नेलीसुद्धा. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. आपल्या पोराचा जीव ज्याला त्याला प्यारा. पण नेण्याआधी तिथेही वही बघितली का? तिथल्या शेवटच्या रांगेतल्या पोराला भागाकार घातला का? टाय म्हणजे शिंगाचा रंग. आणि ज्यांच्याकडे फीचे पैसे नाहीत, त्यांची पोरं मागे राहतात. पट घटला की शिक्षकाची जागाही घटते. मग मागे राहिलेल्यांचं आणखीच अवघड.

आजी म्हणाल्या, "आपुन आधी आपली शाळा धरू."

शाळा धरायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात चारांत तीन माणसं पालकांतली असावी लागतात, आणि निम्म्या बायका. त्या गावात समिती होती. आजींची सूनच तिच्यात होती, पण तिला ते नीट ठाऊक नव्हतं. वही घरी यायची, ती सही करून द्यायची. सहीच्या वर काय लिहिलंय, ते वाचलंच नव्हतं. नंतरच्या बैठकीला सून गेली आणि म्हणाली, "आधी वाचून दाखवा, मग सही." पहिल्यांदा लोक हसले. मग हसायचे थांबले.

समितीने अर्ज लिहिला. मुलं किती, शिक्षक किती, कायद्याने किती हवेत, एवढंच. पंचायत समितीत नेऊन दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका, हे आम्ही सगळीकडे सांगतो. तीन खेपा झाल्या. एकदा साहेब भेटले नाहीत, एकदा बाबू म्हणाला फाइल सापडत नाही. तेव्हा सुनेने पोच काढून दाखवली. पुढच्या जूनमध्ये गणित-विज्ञानाच्या बाई आल्या. गुरुजींनी रोज पहिला अर्धा तास नुसता वाचनाला ठेवला. त्यात मोठी पोरं लहानांना शिकवतात. नऊपैकी सहा पोरं आता गोष्ट वाचतात. दोन अजून अडखळतात. एक आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला आहे, तो अजून परतलेला नाही. आजींचा नातू सहांत आहे.

आता तुमच्या गावचं. येत्या शनिवारी सकाळची शाळा आहे. आम्ही मुख्याध्यापकांना आधी कळवलं आहे, त्यांची हरकत नाही. साडेसातला पारावर जमू. ज्यांची पोरं सहावी, सातवी, आठवीत आहेत त्यांनी त्यांची एकेक वही आणावी. समितीत कोण कोण आहे त्यांची नावं फळ्यावर असतील, ती तुम्हीच वाचायची. आजीही येणार आहेत. त्यांना चालवत नाही फार, तेव्हा कुणी तरी बैलगाडी नाही तर फटफटी घेऊन सातला फाट्यावर जावं.