दवाखाना ही भीक नव्हे

(चाकण भागातील शेतकरी व कारखान्यांतील कामकरी यांच्या सभेत केलेले भाषण)



मी काही मोठा वक्ता नव्हे. बापजाद्यांनी लोहारकी केली, मी प्रेसच्या कारखान्यात हाडे झिजविली. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य शोधू नका. पण जे सांगणार आहे ते तुमच्याआमच्या घरचेच आहे, म्हणून कान देऊन ऐका.

आमच्या आळीतल्या एका पोराची हकीकत. बापाची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, पैसा आला तसा गेला, आणि पोरगा कंत्राटदाराच्या हाताखाली प्रेसवर लागला. एका रात्रपाळीत त्याची दोन बोटे प्रेसखाली सापडली. कंत्राटदाराच्या माणसाने त्याला गाडीत घालून एका खासगी दवाखान्यात नेले, आणि वाटेत बजावले, “डॉक्टरने विचारले तर घरी कडबाकुट्टीत हात गेला असे सांग. खर्चाचे मी बघतो.” पोराने तसेच सांगितले. दोन दिवसांचा खर्च त्या माणसाने दिला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन लागेना. मग आईने गळ्यातले मोडले, बापाने दुभती म्हैस विकली. बोटे गेली, म्हैस गेली, आणि कागदोपत्री कारखान्यात काही घडलेच नाही!

तुम्ही म्हणाल, नशीब. मी म्हणतो, यात नशिबाचा काडीइतका संबंध नाही. यात संबंध आहे तो आपल्या अज्ञानाचा आणि दुसऱ्याच्या लबाडीचा.

आता पहिला प्रश्न असा की, औषधोपचार हा गरिबाचा हक्क आहे, की मायबाप सरकारचा उपकार? १९९२ साली बंगालमध्ये आगगाडीतून पडून एका माणसाच्या डोक्याला जबर मार लागला. त्याला एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्यात असे फिरविले. कोठे खाट रिकामी नाही, कोठे सोय नाही. अखेर खासगी दवाखान्यात पैसे मोजून तो वाचला. तो शेतमजुरांच्या संघटनेचा माणूस होता. संघटना गप्प बसली नाही. ती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की, संकटात सापडलेल्या रोग्याला सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग होय. आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब चालणार नाही. सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. लक्षात घ्या, हा हक्क कोणी ताटात वाढून दिला नाही. शेतमजुरांनी तो मागून घेतला.

कोणी म्हणतील, एवढ्या लोकांना औषध देणे देशाला कसे परवडावे? त्यांना पिंपरीस न्यावे. १९५४ साली, देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असताना, सरकारने तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभारला, आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे तो कारखाना डबघाईस आला, ही गोष्ट वेगळी. पण गरीब देशाला जे परवडले ते आज परवडत नाही, हे मी कसे मानू?

दुसरी गोष्ट पैशाची. आपल्या गावगाड्यात लोहाराला बलुते खळ्यावर मिळत असे. मग वर्षभर शेतकऱ्याने फाळ शेवटायला आणला की लोहार दर खेपेला हात पुढे करीत नसे. कारण मोल आधीच पोचलेले असे. कामगारांची विमा योजना, जिला आपण ईएसआय म्हणतो, ती १९४८ च्या कायद्याने आली, आणि ती याच चालीची आहे. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापला जातो, आणि मालक सव्वातीन रुपये घालतो. पगार सोळा हजार धरा: तुमचे १२० आणि मालकाचे ५२० मिळून महिन्याला ६४० रुपये झाले, वर्षाचे ७,६८०. हे आपले बलुते आहे, खळ्यावर आधीच दिलेले! त्याच्या बदल्यात तुम्हाला व घरच्यांना औषधपाणी मिळाले पाहिजे. आणि कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगाराच्या शेकडा नव्वद भरपाई, हात अधू झाला तर त्या मानाने पुढेही पैसे. कंत्राटदाराने रक्कम भरली नाही तर मूळ मालकाला ती भरावी लागते. चिंचवडला मोहननगरात या योजनेचे रुग्णालय आहे. तेथे जाणारा कामगार भिकारी नव्हे, धनी आहे.

पण हक्क म्हणावा तर तो सर्वांना सारखा हवा. येथे काय दिसते? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले. म्हणजे चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात पैसे नाहीत. पण दुखणे मोठे निघाले की वीसेक किलोमीटरवर पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयाकडे बोट दाखवितात. ते महापालिकेचे, म्हणून त्या निर्णयात बसत नाही. रोगी तोच, रोग तोच. दारावरची पाटी बदलली की हिशेब बदलला! महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि आता कोणत्याही रंगाचे रेशनकार्ड चालते. हे चांगलेच झाले. पण ती योजना दवाखान्यात दाखल करून करावयाच्या ठराविक उपचारांची आहे. रोजचा ताप, मधुमेहाच्या गोळ्या, रक्ताची तपासणी, यांचा खर्च खिशातूनच जातो, आणि गरिबाचे घर याच ठिगळाठिगळाने उसवते. पगार साडेएकवीस हजार झाला की ईएसआयही सुटते. दीड हजार वाढले म्हणून माणूस श्रीमंत झाला काय?

आणि फुकट म्हणजे हलके, हेही मी मानणार नाही. यशवंतराव चव्हाण रुग्णालय साडेसातशे खाटांचे. शहराचे रोगी तेथेच, आणि खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावचेही तेथेच. खाटा अपुऱ्या पडल्या की डॉक्टर आणि रोगी एकमेकांवर चिडतात. खरा दोष चाकणला पुरते रुग्णालय न उभारणाऱ्यांचा. एवढे कारखाने आले, आणि तुटलेला हात जोडण्याची सोय मात्र ट्रकांनी तुंबलेल्या रस्त्यापलीकडे! हक्क म्हणजे नुसता उघडा दरवाजा नव्हे. आत डॉक्टर हवा, औषध हवे, आणि वेळेत पोचता आले पाहिजे.

तर मंडळी, करावयाचे काय? तीन कामे सांगतो. पहिले, कामावर लागताच कंत्राटदाराकडून आपला विमा नंबर मागा, घरच्यांची नावे त्यात घाला, आणि नंबर घरातल्या बाईजवळ लिहून ठेवा. कारण अपघाताच्या रात्री धावपळ तिलाच करावी लागते. दुसरे, दवाखान्यात केसपेपरवर खरे तेच लिहवा. “कडबाकुट्टीत हात गेला” या एका खोट्या वाक्याने आमच्या पोराची भरपाई बुडाली. तिसरे, ग्रामसभेत देवळाच्या कळसाची चर्चा होते, तशी दवाखान्याचीही होऊ द्या: डॉक्टर किती, रात्री कोण असतो, औषध बाहेरून का आणावे लागते? राजस्थानने २०२३ साली आरोग्यहक्काचा कायदा केला. आपल्या आमदाराला विचारा की महाराष्ट्रात तो का नाही.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. लोक घरे सोडून पळत होते, तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी माळावर दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर बाईंनी पाठीवर आणले. त्याचे पैसे विचारले नाहीत, जात विचारली नाही. त्याच आजाराने त्या १० मार्चला गेल्या. ज्यांनी पाठीवर पोर वाहिले त्यांचे नाव घेणाऱ्या आपण, निदान आपल्या हक्काचा कागद तरी हातात धरू नये काय?