पाळी जाते, उमेद जात नाही

(देवनहळ्ळी येथे महिला कर्मचाऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)

भगिनींनो, आणि उठून न जाता बसून राहिलेल्या बंधूंनो,

देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मगाव. २००८ साली विमानतळ सुरू झाल्यापासून गावाचे नाव सगळीकडे झाले. आपल्याला मात्र ते येलहंका-चिक्कबळ्ळापूर मार्गावरचे एक स्टेशन म्हणून ठाऊक. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या आपण मराठी बायका डी.ए., क्वार्टर, बदली यांवर मोकळेपणी भांडतो. पण पाळी जाण्याविषयी घरी बोलत नाही आणि युनियनमध्येही नाही. आज तेच बोलायचे आहे.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे डॉक्टर धरतात. बहुतेकींना ती ४५ ते ५५ या वयात येते. आपल्या देशात पाश्चात्त्य देशांपेक्षा थोडी लवकरच. त्याआधी काही वर्षे पाळी मागेपुढे होते, अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, चिडचिड होते. हे नखरे नव्हेत. शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते, त्याचा हा परिणाम आहे. तेच हाडांनाही जपत असते, म्हणून पुढे हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. इथली रागी म्हणजे आपली नाचणी. ती, दूध आणि रोजचे चालणे सोडू नका. त्रास फार असेल तर औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर एक दिवसही अंगावर काढू नका, तपासून घ्या.

आता कामाचे बोलू. ट्रॅकवर, बुकिंगच्या खिडकीत, आर.एम.एस.च्या रात्रपाळीत हा त्रास सोसत आपण ड्युटी करतो. नियम काय म्हणतात? प्रसूती रजा १८० दिवस. सहाव्या वेतन आयोगानंतर २००८ पासून बालसंगोपन रजा ७३० दिवस, पण ती सर्वसाधारणपणे मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. या रजा लढून मिळाल्या, त्यांचे मोल मोठे आहे. पण मूल मोठे झाले की नियमांच्या लेखी बाई संपते! नोकरी तर ६० पर्यंत करायची असते.

कोणी म्हणेल, मग या वयात बायकांना हलके काम द्या. नको. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक ड्रायव्हर झाल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून घाट उतरून मुंबईला नेली, तेव्हा त्या ४५ वर्षांच्या होत्या. मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली, तेव्हा ५७ वर्षांच्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. या वयात बाईचे हात थरथरतात असे म्हणणाऱ्याला ही तीन साले सांगा. आपल्याला दया नको, सोयी हव्यात.

थोडे कपड्यांविषयी. नायलॉनची साडी अंगाला चिकटते, वाफा आल्या की जीव नकोसा होतो. मग सुती सलवार-कमीज घाला, केस आखूड करा, कलप लावायचा कंटाळा आला तर पांढरे राहू द्या. लावावासा वाटला तर खुशाल लावा. "या वयात हे शोभते का?" असे विचारणाऱ्याला सांगा, ड्युटी मी करते, कपडेही मीच ठरवीन. २०१७ पासून गणवेशाच्या जुन्या भत्त्यांऐवजी एकत्र ड्रेस अलाउन्स मिळतो. गणवेशाचे कापड सुती असावे, ही मागणी आपण रेटली पाहिजे.

बाकीच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक स्टेशनात आणि सॉर्टिंग ऑफिसात पाणी असलेले, आतून कडी लागणारे शौचालय. बायकांसाठी पंखा असलेली विश्रांतीची खोली. चाळिशीनंतर रेल्वे इस्पितळात आणि सरकारी दवाखान्यात हाडांची, रक्तदाबाची, स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची नियमित तपासणी. डॉक्टरांनी लिहून दिल्यास काही काळ रात्रपाळीतून सूट, आणि त्यापायी बढती अडू नये.

बंधूंनो, तुमचेही काम आहे. बाई चिडली की "वय झालं" म्हणून हसू नका. घरी तिची झोप झाली का, ते विचारा. आणि ही मागणी "बायकांची बाब" म्हणून निवेदनाच्या तळाशी टाकू नका. पुढच्या शाखा सभेत ती विषयपत्रिकेवर आली पाहिजे, आणि ती मांडायला आपल्यापैकी एकीने तरी उभे राहिले पाहिजे.