शंभर ओळखीचे कुठून आणायचे?

(बंगळुरूत पहिल्या पिढीतील पदवीधरांसमोर केलेले भाषण)



माझा मोठा भाऊ इथे व्हाइटफील्डमध्ये नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याला निवृत्ती नियोजनाची फ्रँचायझी घ्यायची होती. शुल्क ४ लाख. पैसे कुठले? पप्पा नगरपालिकेत झाडू मारून निवृत्त झाले, त्यांच्या ग्रॅच्युइटीचे. दुसऱ्यांचं म्हातारपण सांभाळायला आधी स्वतःच्या बापाचं म्हातारपण पणाला लावायचं होतं.

कंपनीने पहिलं काम दिलं: गुंतवायला पैसा असलेल्या १०० ओळखीच्या लोकांची यादी करा. दादाची यादी ११ नावांवर थांबली. त्यातल्या सात जणांवर कर्ज. ट्रेनर म्हणाला, 'नेटवर्क वाढवा.' समाजशास्त्रात आम्ही ज्याला सामाजिक भांडवल म्हणतो, ते आपल्या देशात बहुतेकदा जातीतून वारशाने येतं. ते ४ लाखांत विकत मिळत नाही.

बाबासाहेबांनीही हे सोसलं. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. खोट सल्ल्यात नव्हती.

मग या धंद्यात उतरूच नये का? उतरावं. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५पासून, कर्नाटकात १ एप्रिल २००६पासून सरकारी नोकरीत लागलेल्यांना एनपीएस लागू झाली. आपल्या कितीतरी घरांत पहिली सरकारी नोकरी आली, तोवर जुनी पेन्शन निघून गेली होती. कंत्राटी सफाई कामगारांचं तर विचारूच नका. एनपीएस, अटल पेन्शन, ॲन्युइटी सोप्या भाषेत समजावणारं माणूस आपल्या वस्तीत हवंच.

पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. नोंदणी कोणाच्या नावावर? म्युच्युअल फंड विकायला एनआयएसएमची परीक्षा आणि ॲम्फीचा एआरएन क्रमांक लागतो. दोन्ही काही हजारांत होतं. कमाई कशातून? वितरकाला कमिशन फंड कंपनी देते. सल्लागाराला सेबीची नोंदणी लागते आणि तो गिऱ्हाइकाकडून फी घेतो. ही सीमा पुसणाऱ्यापासून सावध राहा. आणि सोडून गेलो तर गिऱ्हाइकं कोणाची, पैसे परत मिळणार का? उत्तर लेखी घ्या.

दादाने टोकन म्हणून भरलेले २५ हजार बुडाले. ग्रॅच्युइटी वाचली. आता तो रात्री परीक्षेचा अभ्यास करतो. पप्पा म्हणाले, 'पास झालास की आधी आमच्या कंत्राटी पोरांना बसवून समजाव. त्यांना पेन्शन नाही.'

त्याच्या यादीतलं बारावं नाव तिथून सुरू होईल.

जय भीम.