सेलरी पाण्याची, दवणा उन्हाचा

कुंभकोणमहून बोलते आहे. गच्चीवरच बसले आहे, मागे कावळे ओरडताहेत आणि खालच्या गल्लीत भांडीवाला आलाय, तेवढं चालवून घ्या.

आजचा विषय तुमच्यातल्याच एका ताईंनी दिला. त्यांनी ऑनलाइन बियांचा संच मागवला. त्यात दोन पुड्या एकाच कागदात आल्या, एक सेलरीची आणि एक 'आर्टेमिसिया' असं लिहिलेली. दोन्हींसाठी सूचना एकच: ओलसर माती, अर्धी सावली, रोज पाणी. ताई विचारतात, दोन्ही एकाच वाफ्यात लावू का?

नको. एक जगेल आणि एक कुजेल. कुजेल कोण, तर दवणा.

आधी नावाचा घोळ सोडवू या. आर्टेमिसिया हे एका झाडाचं नाव नाही, शेकडो जातींचं मोठं घराणं आहे. आपला दवणा त्यातलाच, आर्टेमिसिया पॅलेन्स. रानात, डोंगरउतारावर वाढतो तो उंच, उग्र वासाचा नागदवणा, त्याला कुणी ढोरदवणाही म्हणतं, तो दुसरा. आणि मलेरियाच्या औषधाचा तो तिसरा, आर्टेमिसिया अ‍ॅनुआ, मूळचा चीनकडचा. ताईंच्या पुडीवर पुढचं नाव छापलेलंच नव्हतं. मी त्यांना फोटो पाठवायला सांगितलं. रोप वर आल्यावर पानं राखाडी, लव असलेली, बोटांसारखी चिरलेली दिसली आणि चुरडल्यावर तो गोड, फळासारखा वास आला, म्हणजे दवणाच.

मी मूळची कोल्हापूरची. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा, गुलाल-खोबरं आणि दवण्याच्या जुड्या, हे डोळ्यांत आणि नाकात बसलेलं. लग्न होऊन इथे आले ती तंजावरी मराठी घरात. या लोकांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी भोसल्यांबरोबर कावेरीकाठी आले. भाषा मराठीच, पण पहिले सहा महिने मला निम्मी कळत नव्हती. सासूबाईंना वाटलं होतं, ही कोल्हापूरची, हिला इथलं काय ठाऊक असणार. आणि पहिल्याच शुक्रवारी फुलबाजारात मी थबकले. कदंबम म्हणून इथे रंगीबेरंगी हार करतात, त्यात फुलांच्या मध्ये मध्ये हिरवा पाला गुंफलेला. हातात घेऊन वास घेतला, दवणा! इथे त्याला मरिकोळुंदू म्हणतात. शेजारी आपला मरवाही होता. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं मला.

तर दवणा हवाय काय? ऊन, थंडीतली कोरडी हवा, सकाळचं थोडं दव आणि निचऱ्याची जमीन. कर्नाटकात तेलासाठी त्याची शेती होते, तिथे हिवाळ्यात तो छान साधतो. आमच्याकडे पंचाईत अशी की ज्या वेळी तिकडे पेरणी होते, ऑक्टोबर-नोव्हेंबर, त्याच वेळी इथे ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो. जमीन कावेरीच्या गाळाची, चिकण. भाताला सोन्यासारखी, दवण्याला विषासारखी. पहिली दोन वर्षं माझी सगळी रोपं मुळाशी काळी पडून गेली. आता मी डिसेंबरचा पहिला आठवडा उलटल्याशिवाय बी बाहेर काढत नाही. निम्मी नदीची वाळू, बाकी शेणखत आणि माती, आणि कुंडीच्या तळाशी खापरं.

बी अगदी बारीक, धुळीसारखं. दोन दिवस ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं, मोड फुटायला लागले की बारीक वाळूत मिसळून वरच्यावर भुरभुरायचं. खोल पुरलंत तर उगवणार नाही. आणि बी ताजंच हवं. मागच्याच्या मागच्या वर्षीचं डब्यात सापडलं म्हणून पेराल तर नुसती माती शिंपत बसाल. पाच-सहा आठवड्यांनी रोपं हलवायची, दाट लावली तरी चालतात, वीतभर अंतर पुरे. पाणी वरची माती सुकली की मगच. मार्चअखेर कळ्या धरतात, तेव्हा वास भरात येतो. चैत्राला बरोबर हाताशी.

आता सेलरी. हिचं मूळ दलदलीतलं, हे एकदा लक्षात ठेवलंत की बाकी सगळं आपोआप कळतं. मुळं उथळ, तहान मोठी, भूकही मोठी. एक दिवस पाणी चुकलं की देठ दोऱ्यासारखे होतात, नंतर कितीही पाणी घाला, ते परत येत नाहीत. हवा १५ ते २१ अंशांची आवडते. कुंभकोणमला जानेवारीतल्या पहाटेलासुद्धा तेवढा गारवा क्वचितच मिळतो. बाजारात दिसते ती सेलरी थंड डोंगराळ भागातून येते.

हिचं बीही बारीक, तेही उजेडात उगवणारं. इथे दोघी सारख्या, म्हणूनच त्या कागदावाल्याची फसगत झाली असेल. पण सेलरीचं बी उकाड्यात उगवतच नाही, झोपून राहतं. मी एक युक्ती केली. सप्टेंबरात बियांचा ट्रे माठाच्या तिवईखाली, ओल्या वाळूवर ठेवला. माठ पाझरतो, खाली गारवा राहतो. तीन आठवडे लागले, पण उगवलं. नोव्हेंबरच्या पावसात सेलरी खूश होती, त्याच गच्चीवर, जिथे दवणा मेला असता. कुंडीखाली पाण्याची बशी, वर हिरवी जाळी, दर पंधरा दिवसांनी शेणखताचं पाणी. देठ कडू लागू नयेत म्हणून त्यांच्याभोवती केळीची सोपटं गुंडाळली. उजेड अडला की देठ फिके आणि सौम्य होतात. इथे सोपटांना तोटा नाही.

निकाल? करंगळीएवढे देठ. चित्रातल्यासारखी जाडजूड सेलरी माझ्याकडे कधीच झाली नाही आणि मी आता तो नाद सोडलाय. पानांसाठी लावते, चार कुंड्या. सूपला, सांबारातसुद्धा, चिमूटभर. फेब्रुवारीत ऊन तापलं की तिचं संपलंच समजा. हिचं बी मसाल्यातही जातं, आपल्या देशात मुख्यतः पंजाबात पिकतं आणि परदेशी जातं. देशी औषधांच्या दुकानात 'अजमोदा' म्हणून काय मिळेल याची मात्र खात्री नसते, कारण त्या नावानं सेलरीचं बीही देतात आणि बंगालकडची राधुनीही. पेरण्यासाठी पाकीटच घ्या.

उपयोगाचं बोलते, आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आमच्या धाकट्या जाऊबाईंना ताप आला. मी तेव्हा नुकतंच कुठेतरी वाचलेलं की आर्टेमिसियापासून मलेरियाचं औषध निघालं, चीनच्या तू योयो बाईंना त्यासाठी २०१५ साली नोबेल मिळालं. माझ्या डोक्यात गणित पक्कं: दवणा म्हणजे आर्टेमिसिया, आर्टेमिसिया म्हणजे तापाचं औषध. सुकवलेल्या दवण्याचा काढा करून दोन दिवस पाजला. त्या बिचाऱ्या कडू तोंड करून प्यायल्या, कारण मी मोठी जाऊ. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. दवाखान्यात नेलं, तर डेंग्यू. सहा दिवस सलाइन. बऱ्या झाल्या. पण त्या सहा रात्री मी काय मोजत होते ते माझं मला माहीत.

ते औषध दवण्यात नाही, अ‍ॅनुआत आहे. आणि त्याच्याही काढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. ते द्रव्य गरम पाण्यात नीट उतरत नाही, मात्रा कधी किती होईल सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना त्याच्या चहाला मलेरियाचं औषध मानत नाही, तपासलेल्या गोळ्यांनाच मानते. डेंग्यूचा तर याच्याशी संबंधच नाही. ताप आला की रक्त तपासा, बस्स.

सेलरीच्या रसाचंही तेच. मध्यंतरी जगभर त्याची लाट आली होती, आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींतही आली. एक काका रक्तदाबाची गोळी सोडून रोज पेलाभर रस घ्यायला निघाले होते. रस घ्या हो, आवडत असेल तर, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि काहींना सेलरीची ॲलर्जी असते, थोडीथोडकी नव्हे. युरोपात तर खाण्याच्या पाकिटावर सेलरी असल्याचं छापावंच लागतं. पहिल्यांदा खाताना जरासंच खा.

दवणा मग कशासाठी? वासासाठी. त्याचं तेल अत्तरात जातं, टनभर ओल्या पाल्यातून किलोच्या हिशेबात निघतं. घरात हारात, देवावर, कपड्यांच्या घडीत. पोटात घालायची घाई नाही.

तर ताई, तुमचं उत्तर. दोन वेगळ्या कुंड्या, गच्चीच्या दोन टोकांना. सेलरी पाण्याच्या नळापाशी, सावलीच्या बाजूला, पावसाच्या आधी पेरा. दवणा उन्हाच्या कठड्यावर, पाऊस संपल्यावर. तुम्ही पुण्याच्या आहात म्हणता, तर तुम्हाला माझ्यापेक्षा सोपं जाईल, तुमच्याकडे दिवाळीनंतर हवा कोरडी होते.

माझ्याकडे यंदा दवण्याच्या तेवीस कुंड्या आहेत. सासूबाई आता शहाण्णव वर्षांच्या, त्यांना नीट दिसत नाही. सकाळी खुर्ची कठड्याजवळ ओढून देते, त्या पानं चुरडून वास घेतात आणि कळ्या आल्या का विचारतात. काल नव्हत्या आल्या. आज बघायच्या आहेत, तेव्हा इथेच थांबते.