मोडलेला हात आणि आपले कर्तव्य



2021 साली बँकेच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनी लेजर्स काढताना आम्ही स्टुलावरून पडलो. उजव्या दंडाचे हाड मोडले. ऑपरेशन होऊन प्लेट बसली, पण मनगट लुळे पडले. हाडाला लगटून जाणारी नस दुखावली होती. डॉक्टर म्हणाले, "नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. धीर धरा."

हाड चार महिन्यांत जुळले. मनगट पाचव्या महिन्यात किंचित उचलले. तोवर शर्टाची बटणे मुलगी लावून देई. लाजेपोटी आम्ही विहारात येणेही टाळले. अनित्यतेवर आम्ही अनेकदा बोललो होतो. आता ती अंगावर आली. रोज तोच व्यायाम, रोज तीच निराशा. नऊ महिन्यांनी सही केली, ती बँकेतील नमुना सहीशी जुळेना! नवा नमुना द्यावा लागला.

व्यायामाच्या ठिकाणी सेंट्रिंगचे काम करणारा एक तरुण भेटे. त्याचाही दंड मोडलेला, मनगट तसेच लुळे. दोन आठवड्यांनी तो यायचा थांबला. आम्हाला पगारी रजा होती. त्याचा खाडा म्हणजे घरची चूल बंद. नस दोघांचीही सारख्याच गतीने वाढणार होती. वाट पाहण्याची ऐपत मात्र सारखी नव्हती.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याविषयीचा अडारकर अहवाल त्याच काळात, 1944 साली आला. पुढे 1948 साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. परंतु नाक्यावर उभा राहणारा मजूर अनेकदा अशा संरक्षणाबाहेरच राहतो.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी मागील वर्षातील 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो मिळवताना आणि अर्ज भरताना आपले बांधव अडतात. अर्ज भरणे हे तर आम्हा कारकुनांचे रोजचेच काम! विद्यार्थी मित्रांनो, रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडू. तुम्ही वस्तीतील कामगारांना घेऊन या, अर्ज आम्ही भरू.

आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली होती. आपल्याकडून निदान एवढे व्हावे. त्या तरुणाचा पत्ता आम्ही तेव्हा विचारला नाही, ही खंत आजही आहे.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!