वादळानंतरचे पाहुणे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



'प्रवासातील अनुभव' या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी मंडळाच्या चिटणीसांची आज्ञा झाली. परदेशप्रवासाची वर्णने आता आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ऐकावयास मिळतात. मुलेमुली दूरदेशी स्थायिक झाली आहेत, आईवडील वर्षा-दोन वर्षांनी जाऊन येतात आणि परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना छायाचित्रे दाखवितात. तेव्हा स्थलवर्णन थोडक्यात आटोपून, त्या प्रवासात आम्हांपुढे उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाचा विचार आपणांसमोर मांडावा असे योजिले आहे. प्रश्न असा की, ज्या प्रदेशावर नुकतीच आपत्ती कोसळली आहे, तेथे आपण मौजेखातर जावे काय?

सन २०१८ च्या फेब्रुवारीत आमच्या चिरंजीवांनी आम्हां उभयतांस फ्लोरिडातून निघणाऱ्या एका मोठ्या पर्यटन-जहाजाने सात दिवसांच्या सफरीस नेले. सान हुआन, सेंट थॉमस आणि सेंट मार्टिन ही त्या सफरीतील मुक्कामाची ठिकाणे. वेस्ट इंडीजची बेटे आमच्या पिढीला प्रथम परिचित झाली ती क्रिकेटमुळे. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने तेथे मालिका जिंकली आणि सुनील गावसकर यांनी पदार्पणाच्याच मालिकेत चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या. त्या वेळी आम्ही प्राथमिक शाळेत होतो. पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन, जॉर्जटाऊन ही नावे आम्ही भूगोलाच्या पुस्तकाआधी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली. त्या समुद्राच्या दर्शनाची उत्सुकता आम्हांस असणे स्वाभाविकच होते.

परंतु प्रवासाचा बेत ठरला तो काळ बिकट होता. अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, ६ सप्टेंबर २०१७ रोजी, 'इर्मा' नावाचे चक्रीवादळ बार्बुडा, सेंट मार्टिन, सेंट थॉमस या बेटांवरून गेले होते. त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे तीनशे किलोमीटर होता. त्यातून सावरावयास अवधी मिळण्यापूर्वीच 'मारिया' हे दुसरे वादळ आले. १८ सप्टेंबरला त्याने डॉमिनिका बेट उद्ध्वस्त केले. तेथील पंतप्रधानांच्या घराचे छप्पर उडाले व त्यांची सुटका करावी लागली. मग सामान्य माणसाची काय कथा? दोनच दिवसांनी तेच वादळ प्वेर्तो रिकोवर आदळले. तेथे मृतांचा आकडा प्रथम ६४ सांगण्यात आला होता. पुढे २०१८ च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठीय पाहणीनंतर सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. एवढा फरक कसा पडला? पुष्कळ माणसे वाऱ्याने मेली नाहीत. वीज नाही, औषध नाही, रुग्णालयाची वाट बंद, अशा अवस्थेत ती नंतरच्या महिन्यांत दगावली. संपूर्ण बेटावर वीज परत यावयास सुमारे अकरा महिने लागले. वादळ एका दिवसात निघून जाते, त्याचे मागे राहिलेले दिवस मात्र मोजावयास फार लागतात, ही गोष्ट त्या दोन आकड्यांतील अंतरावरून ध्यानी यावी.

हे सर्व वृत्तपत्रांत वाचलेले असल्यामुळे निघण्यापूर्वी आमच्या सौभाग्यवतींनी चिरंजीवांस विचारले, "अरे, ज्यांच्या घरावर छप्पर नाही, त्यांच्या दारात आपण सहलीला जायचे? बरे दिसते का हे?" चिरंजीव म्हणाले, "आई, तिथल्या लोकांनाच विचारू." आम्हांस ते उत्तर योग्य वाटले.

सेंट थॉमसच्या शार्लट अमाली बंदरात जहाज धक्क्यास लागले तेव्हा दृश्य रमणीय होते. वादळाने पाने ओरबाडून नेल्यामुळे तपकिरी पडलेल्या टेकड्या पुन्हा हिरव्या झाल्या होत्या. निसर्ग आपली डागडुजी लवकर करतो. परंतु त्या हिरव्या टेकड्यांवर जागोजाग निळे ठिपके दिसत होते. ते काय म्हणून विचारले, तेव्हा कळले की ही घरांवर ठोकलेली ताडपत्री आहे. सेंट मार्टिनच्या खाजणात बुडालेल्या व कलंडलेल्या नौकांच्या डोलकाठ्या पाण्याबाहेर वाकड्या उभ्या होत्या.

तेथे बाकांची उघडी मोटारगाडी टॅक्सी म्हणून चालते. आमच्या गाडीचा चालक पन्नाशीचा, मोठा बोलका गृहस्थ होता. सौभाग्यवतींचा प्रश्न चिरंजीवांनी त्याला इंग्रजीत विचारला. त्याने गाडी बाजूस घेतली, टेकडीवरील एका निळ्या ठिपक्याकडे बोट केले आणि ते आपले घर असल्याचे सांगितले. वादळ झाल्यावर दोन महिने एकही पर्यटन-जहाज आले नाही, नोव्हेंबरात पहिले आले. त्या दोन महिन्यांत आपण घरी बसून होतो, गाडी धड होती पण बसणारे कोणी नव्हते, असे तो म्हणाला. मग त्याने सौभाग्यवतींकडे वळून सांगितले की, बाई, तुम्ही आला नसता तर माझे छप्पर काही लवकर झाले नसते. मात्र पुढे हसून तो म्हणाला, आलात तसे खालीही उतरा. पुष्कळ लोक जहाजावरूनच बेट पाहतात.

त्या गृहस्थाच्या बोलण्यात आमच्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी आले आहे. आता त्याची कारणमीमांसा करू.

वादळानंतर बेटावर प्रथम परत येतो तो पाहुणा जहाजाचा, ही गोष्ट आम्हांस पूर्वी ठाऊक नव्हती. विश्रामगृहे उभी राहावयास वर्ष-दोन वर्षे लागतात. खोल्या, वीज, पाणी, स्वयंपाकघर, नोकरवर्ग, सारे पुन्हा जमवावे लागते. जहाज आपली खाट, आपले पाणी, आपली वीज आणि आपले अन्न बरोबर घेऊन येते. त्याला हवा असतो तो फक्त एक धड धक्का. म्हणूनच सान हुआनला ऑक्टोबरात, सेंट थॉमसला नोव्हेंबरात आणि सेंट मार्टिनला डिसेंबरात जहाजे पुन्हा लागू लागली. विश्रामगृहे बंद असतानाच्या त्या काळात टॅक्सीवाला, वाटाड्या, टोप्या विणणारी बाई, शहाळी विकणारा मुलगा यांच्या हाती चार पैसे पडले ते जहाजाच्या उतारूंकडून. त्या बंदरांतील पेठांत सिंधी व्यापाऱ्यांची दुकाने पुष्कळ आहेत. मालाची नासाडी सोसून त्यांतील कित्येकांनी दारे पुन्हा उघडली होती. संकटकाळी यांतील काही जहाजे नुसती गिऱ्हाईके आणून थांबली नाहीत. ऑक्टोबर २०१७ च्या आरंभी एका मोठ्या पर्यटन-जहाजाने सान हुआन, सेंट थॉमस व सेंट क्रॉय येथील तीन हजारांहून अधिक आपद्ग्रस्तांना फ्लोरिडात सुखरूप पोहोचविले.

परंतु शिक्षकाने नाण्याची एकच बाजू दाखवू नये. जहाज जसे लवकर येते तसेच ते सहज पाठही फिरविते. विश्रामगृह बांधणाऱ्याला बेट सोडता येत नाही. जहाजाला नांगर उचलून दुसरे बंदर धरता येते. शिवाय उतारूचे जेवण, मद्य, करमणूक आणि पुष्कळसा बाजारही जहाजावरच होतो. कित्येक कंपन्यांनी बहामा बेटांत स्वतःची खाजगी बेटे व किनारे राखले आहेत. तेथे खर्चिलेला पैसा बहुतांशी कंपनीच्याच गल्ल्यात परत जातो. तेव्हा 'आम्ही गेलो म्हणजे बेटाचे कल्याण झाले' असे समजणे हे आत्मसमाधान होय.

हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो २०१० साली हैती देशात. तेथे कारण वादळाचे नसून भूकंपाचे होते. १२ जानेवारीस राजधानी जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गाडली गेली. आणि तिसऱ्याच दिवशी शंभराहून अधिक किलोमीटर दूर, उत्तरेकडील लाबादी या कुंपण घातलेल्या किनाऱ्यावर एक आलिशान जहाज लागले. जगभर टीका झाली. काही उतारूंच्या घशाखाली घास उतरेना, ते जहाजावरच राहिले. उलटपक्षी, त्या जहाजाने धान्य व मदतीचे सामान आणले होते, तेथील मिळकत मदतकार्यास देण्याचे कंपनीने जाहीर केले होते आणि त्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या स्थानिक लोकांची मजुरी जहाजावरच अवलंबून होती. कोण बरोबर, कोण चूक? आमच्या मते, प्रेते उचलली जात असताना नाचगाणे करणे अशोभनीय आहे. परंतु जहाज फिरवून नेल्याने मजुराचे पोट भरले असते असेही नाही. शोभेल असे वागून जाणे, हाच मध्यममार्ग दिसतो.

बार्बुडाची हकिगत आणखी निराळी आहे. तेथील सुमारे सोळाशे रहिवाशांना वादळानंतर शेजारच्या अँटिग्वा बेटावर हलविले आणि सारे बेट निर्मनुष्य झाले. तेथे जमीन कोणा एकाच्या मालकीची नसून पिढ्यान्‌पिढ्या सर्व रहिवाशांची सामाईक मानली जात असे. माणसे निर्वासित असतानाच तो कायदा बदलण्याच्या हालचाली सुरू झाल्या, धनिकांसाठी आलिशान वसाहतींच्या योजना पुढे आल्या आणि परतणाऱ्यांना न्यायालयात भांडावे लागले. पाहुणा यावा हे खरे, पण यजमानाला उठवून त्याच्या पाटावर बसणारा तो पाहुणा कसला? संकटात सापडलेल्याची जमीन स्वस्तात मिळते, हा अनुभव आपल्या कोकणातील कुटुंबांना सांगावयास नकोच.

कोकणचे नाव निघाले म्हणून आणखी एका बेटाचा उल्लेख करतो. ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर जायफळ आहे. जायफळाच्या उत्पादनात इंडोनेशियाच्या खालोखाल त्या चिमुकल्या देशाचा क्रमांक होता. ७ सप्टेंबर २००४ रोजी 'आयव्हन' वादळाने तेथील बहुतेक जायफळीची झाडे उन्मळून पाडली. जायफळीचे रोप लावल्यापासून फळ धरावयास सहा-सात वर्षे आणि भर बहरास येण्यास त्याहून कितीतरी अधिक लागतात. तोवर शेतकऱ्याने काय खावे? घर वर्षात बांधता येते, झाड बांधता येत नाही. त्या मधल्या वर्षांचा आधार ज्या थोड्या धंद्यांनी दिला, त्यांत पाहुण्यांची सरबराई हा एक होता.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आले, तेव्हा आपल्याकडेही हेच घडले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पोफळींच्या सावलीत वाढविलेली जायफळे गेली. त्यातच महामारीची टाळेबंदी होती, त्यामुळे यावयाचे म्हटले तरी कोणास येता येत नव्हते. आमच्या आप्तांपैकी एक कुटुंब तेथे घरगुती निवासाची सोय करते. पुढे प्रवासाची बंदी उठली तेव्हा नेहमीचे पाहुणे दूरध्वनीवर विचारीत, "आता तुमच्याकडे पाहण्यासारखे राहिले काय?" त्या घरच्या माउलीने उत्तर दिले, "वाडी गेली, समुद्र आहे. आणि आम्ही आहोत." सेंट थॉमसच्या चालकाचे बोलणे आम्हांस त्या वेळी आठवले. सात समुद्रांपलीकडची दोन माणसे, पण गाऱ्हाणे एकच.

अज्ञानानेही असेच नुकसान होते. १ सप्टेंबर २०१९ रोजी 'डोरियन' वादळाने बहामातील अबाको व ग्रँड बहामा यांची दैना केली. त्या देशात लहानमोठी सुमारे सातशे बेटे आहेत. राजधानी नासाऊ सुरक्षित होती. तरीही सारा देशच बुडाला अशा समजुतीने लोक बेत रद्द करू लागले. मुंबईत पाणी तुंबले म्हणून कोणी नागपूरचे लग्न चुकवावे, तशातला हा प्रकार! २०२४ च्या जुलैत 'बेरिल'ने ग्रेनाडाच्या कारियाकू बेटाची आणि २०२५ च्या ऑक्टोबरात 'मेलिसा'ने जमैकाच्या पश्चिम भागाची वाताहत केली. तेव्हा आमचा प्रश्न जुना झालेला नाही.

आपल्या मंडळातील कुटुंबे आता दूरदूर प्रवास करतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सुचवितो. पहिली, नकाशा पाहून व चौकशी करून मगच बेत बदलावा. बंदर खुले झाले असेल आणि तेथील लोक बोलावीत असतील, तर जावे. दुसरी, जहाज सोडून खाली उतरावे. स्थानिक माणसाची गाडी करावी, स्थानिक घरचे अन्न खावे आणि घासाघीस करू नये. घरी मंडईत आपण भाव करतो तो बरोबरीच्या माणसाशी. ज्याचे छप्पर उडाले आहे त्याच्याशी दोन डॉलरसाठी हुज्जत घालणे गृहस्थधर्मास शोभत नाही. तिसरी, पडक्या घरापुढे उभे राहून छायाचित्र काढून घेऊ नये. सुतकाच्या घरी आपण भेटावयास जातो. तेथे काय बोलावे, काय पाहू नये, हे आपल्या वाडवडिलांनी आपणांस शिकविले आहे. तेच येथे लागू आहे. चौथी, पुन्हा जावे किंवा निदान इतरांस जावयास सांगावे; कारण मदतीचा ओघ वृत्तपत्रांतील बातमीबरोबर आटतो आणि ताडपत्री त्यानंतरही पुष्कळ दिवस छपरावर असते.

आपल्या कोकण-गोव्यातील कित्येक तरुण या जहाजांवर नोकरीस आहेत. आमच्या भोजनगृहात वाढणारा एक गोमंतकीय मुलगा सुटीच्या वेळी धक्क्यावर उतरून तेथील एका म्हातारीकडून नेमाने चहा घेई. जहाजावर चहा फुकट मिळत असता विकत का घेतोस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "काका, माझी आजीसुद्धा गावी चहाचेच दुकान चालवते." अधिक त्याने काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.